मडमवहिनींचं माहेर

"पॅरिस कसं आहे हो?" असं कुणी विचारलं, की मडमवहिनी आधी दोन्ही खांदे कानांपर्यंत वर न्यायच्या, मग गाल फुगवून तोंडातली सगळी हवा 'फूः' करून सोडून द्यायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "म्या न्हाई बगितलं."

विचारणारा चाट पडायचा. फ्रान्सची बाई आणि पॅरिस पाहिलेलं नाही, हा एक धक्का. आणि हे तिनं कोरेगावच्या बाजारातल्या माळणीच्या भाषेत सांगावं, हा दुसरा. त्यावर वहिनी उलट विचारत, "तुमी दिल्ली बगितली का?" साताऱ्याच्या सदरबझारात त्या काळी दिल्ली पाहिलेला माणूस विरळाच. समोरचा नाही म्हणाला की त्या म्हणत, "मग? तुमी हिंदुस्थानातलं न्हाई व्हय?"

मी सांगलीहून साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले, तेव्हा दुसरी लढाई चांगलीच भडकली होती. सदरबझारात एका बैठ्या कौलारू घराच्या अर्ध्या भागात मला जागा मिळाली. दुसऱ्या अर्ध्यात या वहिनी. घरही त्यांचंच. पहिल्या दिवशी सामान उतरवताना अंगणात एक उंच, हाडापेरानं मोठी, पिकत्या केसांवर रुमाल बांधलेली गोरी बाई विळ्यानं गवत कापताना दिसली. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, पानी तापीवलंय. आदी आंगूळ करा, मग ट्रंका लावा."

त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. त्यांचे यजमान कोरेगावकडच्या एका शेतकरी घरातले. हुशार मुलगा म्हणून एका संस्थानिकानं त्यांना चिनी मातीची भांडी करायला शिकून ये, म्हणून फ्रान्सला धाडलं होतं. तेही पॅरिसला नव्हे, तिथून पुष्कळ खाली, लिमोज नावाच्या शहरात. तिथल्या कारखान्यात वहिनी ताटांच्या काठांवर निळी फुलं रंगवायच्या. त्या काही शहरातल्या नव्हत्या. जवळच्या एका खेड्यातून कामाला आलेल्या. लग्न करून दोघं इकडे आली. सांगलीजवळ भांड्यांचा कारखाना निघाला, पण इकडची माती भट्टीत गेली की तडकायची. किती तऱ्हा करून पाहिल्या, ताटं काही उभी राहिली नाहीत. शेवटी यजमान साताऱ्यात चित्रकलेचे मास्तर झाले, आणि लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी विषमज्वरानं गेले. मूलबाळ नव्हतं.

सुरुवातीची काही वर्षं वहिनी सासरी, खेड्यात राहिल्या होत्या. मराठी तिथलं. "सासूबाईंनी दोनच गोष्टी शिकीवल्या," त्या म्हणत. "भाकरी आन् बोलनं. दोन्ही हातानंच." सासूबाई म्हणे प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तिचं नाव सांगायच्या: चूल, उखळ, वासरू, पाऊस. पावसावर हात कसा ठेवला, असं मी विचारलं, तर वहिनींनी आपला पंजा पागोळीखाली धरावा तसा पुढे केला.

'ह' हे अक्षर त्यांच्या भाषेत कुणी उच्चारतच नाही, आणि आमच्या साताऱ्याच्या बोलीलाही ते फारसं लागत नाही. त्यामुळे 'आमी' आणि 'तुमी' त्यांच्या तोंडी जन्मापासून असल्यासारखे बसले होते. फक्त 'हाय' म्हणताना त्या छातीतून जोर लावून 'ह' काढत, आणि तो निघाला की समाधानानं मान डोलवत.

यजमान गेल्यावर त्यांनी माहेरी परत जायचं ठरवलं होतं. तिकडे म्हातारी आई एकटी होती. बोटीचं ठरलं, ट्रंक भरली, आणि लढाईनं समुद्र बंद केला. पुढे जर्मनांनी फ्रान्स घेतला, तेव्हा पत्रंही थांबली. ट्रंक खाटेखाली तशीच भरलेली राहिली. लागेल तशी एकेक वस्तू तिच्यातून बाहेर येई, आणि वापरून झाली की धुऊन, घडी करून परत आत जाई. कपाट रिकामं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, कपाटात ठेवा की." त्या म्हणाल्या, "मग ऱ्हायलेच म्हनायची."

परदेशी माणसांची नोंद घ्यायला त्या दिवसांत पोलीस घरोघर येत. आमच्याकडे एक पोक्त हवालदार आला. मडमेशी बोलायचं म्हणून बिचारा घामाघूम झाला होता. वहिनींनी त्याला घोंगडीवर बसवलं, गूळपाणी दिलं.

"तुमचं गाव कंचं, बाई?"

वहिनींनी कोरेगावकडच्या सासरच्या गावाचं नाव सांगितलं.

"त्ये सासर झालं. म्हायेर?"

"फ्रान्स."

हवालदारानं पेन्सिल जिभेला लावली. "जिल्हा?"

वहिनींनी जिल्हा सांगितला. त्यानं तो तीनदा विचारून कसाबसा उतरवला.

"तालुका?"

वहिनींचा चेहरा असा उजळला, की मी तसा पुन्हा फार थोड्या वेळा पाहिला. त्यांनी तालुका सांगितला. तालुक्याचं गाव किती कोसांवर, तिथला बाजार कोणत्या वारी, रस्त्यात नदी कुठे आडवी येते, तेही सांगितलं. हवालदार आपला "व्हय, व्हय" म्हणत होता. तो गेल्यावर वहिनी कितीतरी वेळ उंबऱ्यातच बसून होत्या. "इतकी वरसं झाली," त्या म्हणाल्या, "कुनी तालुका इचारला न्हवता, बाई."

त्या दिवसापासून त्यांचं माहेर माझ्या ओळखीचं झालं. तुम्ही-मी फ्रान्स म्हटलं की मनोरा, रेशीम, अत्तर असलं काही डोळ्यांपुढे आणतो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकातही तेच होतं. वहिनींच्या फ्रान्समध्ये तांबड्या गाई होत्या, ओल्या दगडांची घरं होती, ओढ्यावर बायकांनी गुडघे टेकून धुणं धुवायची बांधीव जागा होती. एकदा मी त्यांना वर्गावर नेलं. मुलींनी विचारलं, "तिकडं काय खातात?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडं एक झाड हाय. त्याचं बोंड धोत्र्यावानी काटेरी. आत बी. फनसाची आठळी उकडून खाता न्हवं? आगदी तशी. गरिबाचं ते जेवन. सकाळी तेच, सांजंलाबी तेच." मग एका काळसर धान्याचं पीठ आंबवून तव्यावर घालतात, त्याचं वर्णन त्यांनी केलं. मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "आवं, म्हंजी आंबोळीच की!" वर्ग हसला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. "व्हय," त्या म्हणाल्या, "आंबोळीच."

मी शिक्षिका. अशुद्ध बोलणं ऐकलं की माझी जीभ आपोआप वळवळते. एकदा सहज म्हणून गेले, "वहिनी, 'हाय' नाही, 'आहे' म्हणावं." त्या तेव्हा शेंगा फोडत होत्या. हातातलं काम थांबवून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या खेड्यात लोक जे बोलत, ते मुळी फ्रेंच नव्हेच. ती तिथली जुनी, वेगळी बोली. शाळेत पोरानं तिच्यातला शब्द काढला, की मास्तर त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दिवसभर तो गळ्यात. "माज्या गळ्यात लय येळा पडला," वहिनी म्हणाल्या. "घरी गेले की आई काढायची आन् चुलीत टाकायची. आईला फ्रेंच येतच न्हवतं, बाई. एक शबुद न्हाई." मग पुन्हा एक शेंग फोडून म्हणाल्या, "माजी सासूबी 'हाय'च म्हनायची. ऱ्हाऊ द्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही बाई ज्या भाषेत लहानाची मोठी झाली, ती बोलणारं माणूस साताऱ्यातच काय, बहुधा साऱ्या हिंदुस्थानात नसेल.

तरी एक उपाय मला सुचला. पाचगणीच्या एका कॉन्व्हेंटात एक फ्रेंच जोगीण आहे, असं ऐकलं होतं. निदान फ्रेंच तर बोलता येईल. वहिनी आधी नको म्हणाल्या, मग एका रविवारी स्वतःच तयार होऊन बसल्या. ट्रंकेतून त्यांनी काळा झगा काढला होता. लुगड्याशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होते. पेट्रोल मिळत नसल्यानं तेव्हा गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. वाईपुढचा पसरणीचा घाट आमच्या गाडीनं धापा टाकत चढला. वहिनी सारख्या पुटपुटत होत्या, वाक्यं घोकत असाव्यात.

जोगीण पॅरिसची निघाली. प्रेमळ होती, चहा दिला. मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. वहिनी बोलायला लागल्या की जोगीण भुवया उंचावून, हसून, एखादा शब्द पुन्हा उच्चारून दाखवी. वहिनी तो तसाच म्हणत. असं चार-पाचदा झालं. मग वहिनी फक्त मान हलवू लागल्या. चहा संपायच्या आतच आम्ही उठलो.

परतीच्या वाटेवर वाई आलं. मग वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लय चांगली बाई हाय. माजं बोलनं तिला गावंढळ वाटलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "हायच की म्या गावंढळ." तो झगा मग त्यांनी कधी घातला नाही.

त्यांच्या जिवाला खरा विसावा होता तो पुतण्याचा. थोरल्या दिरांचा मुलगा, शिवराम. यजमान असताना तो शाळेसाठी त्यांच्याकडेच राहिलेला. लढाई सुरू झाल्यावर आसपासच्या गावांतली तरुण पोरं भराभर फौजेत गेली, तसा तोही गेला. एके दिवशी खबर आली, की आफ्रिकेतल्या लढाईत तो बेपत्ता आहे. वहिनींची जाऊ खेड्याहून आली. दोघी मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या. एकीचं पोर हरवलेलं, दुसरीचं तेच पोर हरवलेलं आणि आईही. वहिनी जावेला धीर देत होत्या, पण त्यांना धीर द्यायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

पुष्कळ महिन्यांनी कळलं की शिवराम जिवंत आहे, इटलीत कैदी आहे. आणि मग आणखी पुढे, त्याला तिथून हलवून फ्रान्समधल्या छावणीत ठेवलंय, असं कळलं. निरोप घेऊन आलेला फौजेतला माणूस हे सांगत असताना वहिनी ताडकन उठल्या. "कंच्या जिल्ह्यात?"

त्याला काय ठाऊक!

"माज्या म्हायेरी गेलाय," त्या मला म्हणाल्या. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येणार नाही. "म्या हितं, आन् त्यो तितं."

लढाई संपली. शिवराम घरी आला. वाळला होता, एका कानानं कमी ऐकू येत होतं. गावी आईला भेटला आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला काकीकडे आला. मी तिथेच होते.

त्यानं सांगितलं ते असं. छावणी फ्रान्सच्या पूर्वेला, सरहद्दीजवळ होती. एक दिवस विमानांनी बॉम्ब टाकले, कुंपण तुटलं, पुष्कळजण मेले. उरलेले रानात पळाले आणि स्वित्झर्लंडची दिशा धरून चालू लागले. दिवसा लपायचं. असाच पोटात काही नसताना तो एका शेतातल्या घराच्या दारात गेला. आत एक म्हातारी होती.

"आन् काकी," शिवराम म्हणाला, "ल्हानपनी तू शिकीवलेलं समदं बोलून बगितलं. पानी माग, राम राम कर, आई म्हन. तिला टिप्पूस कळंना! तुजी भाषा तितं कुनालाच कळत न्हाई गं!"

"त्यो मुलूख येगळा," वहिनी म्हणाल्या. "मग?"

"मग भाकरीचा शबुद म्हनलो. त्यो तेवडा कळला. तिनं हाताला धरून आत घेतला."

पुढे त्याला छावणीचं, गोळीबाराचं, सरहद्द ओलांडली त्या क्षणाचं सांगायचं होतं. वहिनी त्याला पुढे जाऊच देईनात.

"चूल कुटं हुती?"

"हुती की… भित्तीत. मोटी. मानूस उभा ऱ्हाईल येवडी."

"वर काय टांगलं हुतं?"

"काय तरी टांगलं हुतं. मांस आसंल. काकी, पुढं ऐक तर—"

"पायात काय हुतं तिच्या?"

"लाकडाच्या वहाना. टकटक वाजायच्या."

"आन् भाकरी? कशी कापली?"

शिवराम आठवू लागला. मग उठला. डावा हात छातीशी घेऊन जणू मोठा गोल पाव कवटाळला, आणि उजव्या हातातली नसलेली सुरी आपल्याच छातीकडे ओढली. "आशी. मला वाटलं, म्हातारी आता सोताला कापून घेती."

"कापायच्या आदी सुरीनं खालच्या अंगाला काय केलं?" वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"व्हय गं! क्रुसावानी फुली काढली."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आई अगदी अशीच कापायची, एवढंच त्या म्हणाल्या. शिवराम त्यांच्या शेजारी जाऊन बसला. सरहद्द ओलांडल्याची त्याची गोष्ट त्या दिवशी राहून गेली.

पत्रं सुरू झाली होती. वहिनींनी गावच्या पाटलाला लिहिलं. मेयरला त्या पाटीलच म्हणत. उत्तर आलं. लढाईच्या दुसऱ्याच हिवाळ्यात आई गेली होती. म्हणजे आम्ही पाचगणीला गेलो त्याच्या आधीच. शिवराम बेपत्ता झाला त्याच्याही आधी. आई वाट बघत असेल म्हणून वहिनी इतकी वर्षं ट्रंक भरून बसल्या होत्या, तेव्हा तिकडे वाट बघणारं कुणी नव्हतंच.

आमच्या शेजारी एक वयस्क गवळीण राहायची. तिनं ऐकलं आणि सरळ आत आली. "कवा गेली ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुला आज कळलं न्हवं? मग आजच गेली." तिनं स्वतः पाणी तापवलं, वहिनींना मागच्या दारी नेऊन डोक्यावरून आंघोळ घातली, चूल पेटवू दिली नाही. दुपारी पिठलं-भाकरी घेऊन आली. सबंध आळीतल्या बायका एकेक करून येऊन बसून गेल्या. कुणाला त्या म्हातारीचं नाव ठाऊक नव्हतं. तरी प्रत्येकीनं विचारलं, "दुखनं काय हुतं?" आणि वहिनींनी प्रत्येकीला सांगितलं, "थंडी."

आता त्या इथेच राहतील, असं सगळ्यांनी धरलं. त्यांनी कपडे ट्रंकेतून काढून कपाटात लावले, तेव्हा मलाही तसंच वाटलं. पण स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"बाई, सपनात आई आली."

"बरं झालं की."

"न्हाई वं. आई मराठीत बोलली." त्यांनी चौकट घट्ट धरली होती. "माजी आई! म्हनली, 'पोरी, जेवलीस का?' आगदी सासूबाईवानी. म्या तिच्या भाषेत काय म्हनत्यात ते आटवाय लागले, तर आटवंना. उठून बसले तरी आटवंना." मग त्यांनी चौकट सोडली. "आता गेलं पायजे," त्या म्हणाल्या. "आई न्हाई, पर तसं बोलनारी दोन मानसं तरी आसतील."

कुणी अडवलं नाही. जावेनं तर रीतसर पाठवणी केली. सून माहेरी जाते म्हणून भाकऱ्यांची चवड बांधली, ठेचा दिला, लोकरीची घोंगडी दिली. "परत कवा येशील?" तिनं विचारलं. वहिनींनी दोन्ही खांदे कानांपर्यंत नेले, आणि पुढचं काही न करता तसेच खाली सोडले.

सातारा रोड स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. मी, जाऊ, ती गवळीण, खेड्यातल्या बायका. शिवराम त्यांना मुंबईला बोटीवर बसवून देणार होता. तो आत सामान लावत होता. वहिनी लुगड्यातच होत्या. गाडीनं शिट्टी दिली तशी त्या खिडकीतून जवळजवळ अर्ध्या बाहेर आल्या आणि आम्हाला घाईघाईनं काहीतरी सांगू लागल्या. लांबलचक. एकेकीच्या तोंडाकडे बघून, बोट नाचवून, निघताना घरच्या बाईनं दहा गोष्टी बजावाव्यात तसं. ते मराठी नव्हतं. पाचगणीला ऐकलेलं फ्रेंचही ते नव्हतं, एवढं मला कळलं. गाडी हलली, तरी त्यांचं चालूच होतं. आम्ही गाडीबरोबर चालत सगळ्याजणी माना हलवत होतो. "व्हय, व्हय," जाऊ म्हणत होती. "व्हय गं बया, व्हय."

पुढे त्यांची काही खबर नाही. वहिनींना मराठी लिहिता येत नव्हतं, आणि जोगिणीकडून वाचून घ्यावं लागेल असं फ्रेंच पत्र त्या धाडणार नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. घराचा त्यांचा भाग शिवरामानं बंद ठेवला.

तो मुंबईहून परत आला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा तेच विचारलं. वहिनी खिडकीतून काय सांगत होत्या?

"म्याबी तिला तेच इचारलं, बाई," शिवराम म्हणाला. "काकी, त्यास्नी तुजं कायबी कळलं न्हाई, म्हनलो. तर माज्याकडं बगाय लागली. म्हनली, 'आरं, मराठीतच बोलले की.'"

"मग?"

"मग म्हनलो, बरं, पर काय बोललीस? तर म्हनली, 'त्या समद्या व्हय म्हनल्या न्हवं? मग झालं.'"

कशाला हो म्हटलं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही.